कोरे झालेले कागद

१

ऑपरेटरताईंनी खोक्यातला पहिला कागद काढून मांडीवर घेतला आणि त्यावरून बोट फिरवलं. मग दुसरा घेतला. मग मधूनच एक ओढून काढला. आमच्या घरी संपादक त्यांच्यासमोर रेकॉर्डर चालू करून बसले होते. मी दाराशी उभा होतो, कारण बसवत नव्हतं.

"भाऊ," ताई मला म्हणाल्या, "हे कागद कोरे आहेत."

संपादक हसले. ताईंना चेष्टा करायची सवय आहे हे त्यांना माहीत होतं. मी हसलो नाही, कारण मला ताईंचं तोंड दिसत होतं.

"कोरे म्हणजे?" मी विचारलं.

"कोरे म्हणजे कोरे. माझ्या बोटांना लकवा झाला असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर इथे एक अक्षर नाही."

संपादकांनी रेकॉर्डर बंद केला.

माझी बायको जन्मापासून आंधळी होती. खुर्च्यांना वेत विणायचं काम करायची आणि विणून झालं की विज्ञानकथा लिहायची. ब्रेलमध्ये, म्हणजे जाड कागदाला टोचणीने टोचून. कागदाच्या दुसऱ्या बाजूला उंचवटे येतात, ते बोटाने वाचायचे. ऑपरेटरताई तिच्या अंधशाळेतल्या मैत्रीण. दोघी एका खोलीत वाढल्या. ताई आता एका इस्पितळाचा टेलिफोन बोर्ड सांभाळतात.

तिच्या दोन गोष्टी संपादकांनी त्यांच्या लहानशा प्रकाशनातून छापल्या होत्या. मग तिने कादंबरी लिहायला घेतली. रोज जेवण झालं की लिहिलेलं मला वाचून दाखवायची. एका ग्रहावर बर्फाखाली शहर आहे. तिथे उजेड नाही आणि आवाज बर्फात विरतो, म्हणून तिथल्या भिंती ऊब आणि गारवा देऊन बोलतात. भिंतीला तळवा लावला की शेजारच्या घरातलं सुखदुःख कळतं. एक दिवस एक भिंत गार पडते ती पडतेच, आणि एक गवंडीण त्या भिंतीच्या कडेकडेने चालत निघते, पार उगमापर्यंत. मी गवंडी आहे. गिलावा, ओळंबा हे सगळं तिने मला विचारून विचारून घेतलं होतं.

शेवटचा भाग लिहून झाला त्या दिवशी ती म्हणाली, "संपली. उद्या ऐकवते." पण रात्रीतच तिला इस्पितळात न्यावं लागलं आणि ती परत आली नाही.

मला ब्रेल येत नाही. तिने शिकवून पाहिलं होतं. सिमेंटने माझी बोटं अशी झालीत की त्यांना गरम तवा कळत नाही, तिथे ठिपका काय कळणार. म्हणून तो खोका घरात असूनही मला त्याचं कुलूप उघडता येत नव्हतं. ताईंनी वाचायचं, रेकॉर्ड करायचं, त्यावरून पुस्तक छापायचं असं ठरलं होतं. दुसरी प्रत नव्हती. एक कादंबरी एकदा टोचतानाच तिचं मनगट सुजायचं.

त्या दिवशी मला तिच्या गोष्टीचा शेवट कळणार होता.

"ह्या खोक्याला कुणाकुणाचा हात लागलाय?" ताईंनी विचारलं. त्यांचा आवाज बोर्डावर बोलतात तसा झाला होता.

२

मला वाटलं कुणीतरी कागद बदलले. तिचे नेले आणि कोरे ठेवले. तसं मी बोललो.

"थांबा," ताई म्हणाल्या. त्यांनी प्रत्येक कागदाचा वरचा उजवा कोपरा चाचपला. "कोपरे तिरके कापलेत. शाळेतली आमची खोड. कागद हातात आला की वरची बाजू कळते. ती कात्री जरा आतल्या अंगाला वळवायची, हे बघा, सगळीकडे तसंच आहे. कागद तिचेच आहेत, भाऊ."

"तिचेच आहेत तर मग कोरे कसे?"

"तेच तर विचारतेय मी तुम्हाला."

मी एक कागद खिडकीशी नेला आणि आडवा धरून बघितला. भिंतीला पुट्टी मारली तरी तिरक्या उजेडात खालची जुनी भेग ओळखू येते, तसं काहीतरी होतं. ठिपके होते आणि ते बसले होते. ताईंना दिला. त्यांनी बोटाचं टोक जिभेला लावून ओलं केलं, पुसलं, पुन्हा फिरवलं. कुठे एखादं अक्षर लागायचं. शब्द एकही लागला नाही.

"नखाने घासून बसवले असतील?" संपादक म्हणाले.

"एवढा गठ्ठा? नखं झिजून कोपरापर्यंत येतील," ताई म्हणाल्या. "आणि नखाने कागदाला तुकतुकी येते. इथे ती नाहीये."

मग मला खोक्याचं झाकण दिसलं. ते नीट बसलं होतं. ब्रेलचे कागद एकमेकांवर टेकत नाहीत, ठिपके त्यांना वर उचलून धरतात. गठ्ठा पावासारखा फुगतो. तिच्या खोक्याचं झाकण कधीच बसायचं नाही. मी त्यावर एक फरशीचा तुकडा ठेवायचो. आता आत बोटभर जागा उरली होती.

मी हे सांगितल्यावर ताईंनी खोक्यात हात घालून ती जागा चाचपली.

"म्हणजे सगळे एकदम बसले," त्या म्हणाल्या. "एकेक करून नाही. भाऊ, हे आपोआप झालेलं नाही. हे कुणीतरी केलंय."

३

खोका घराबाहेर एकदाच गेला होता. संपादकांना पुस्तकाच्या घोषणेसाठी फोटो हवा होता, म्हणून मी तो त्यांच्या ऑफिसात नेऊन दिला होता. तेव्हा तो फुगलेला होता, हे मी नक्की सांगू शकतो. फरशीचा तुकडा मी घरी ठेवला होता आणि रस्ताभर झाकण हाताने दाबून धरलं होतं.

"फोटो आहेत ना?" ताईंनी संपादकांना विचारलं. "फोटोवरून कुणी डोळस माणूस वाचून दाखवेल. शिकलेले असतात."

संपादकांनी मान खाली घातली. "मी खोक्याचा फोटो काढला. पानांचा काढून पाहिला होता. पांढऱ्यावर पांढरं, काही दिसेना. म्हणून झाकण लावलं."

आम्ही तिघं तसेच त्यांच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे एका बाइंडिंगच्या दुकानावरचा माळा. चारी बाजूंना न खपलेली पुस्तकं, मधे एक टेबल. त्यांचं काम विचित्र आहे. विज्ञानकथा म्हणजे शिकल्यासवरलेल्यांनी लिहायची असं लोकांनी धरून चाललेलं असतं. हे गृहस्थ त्या लोकांना सोडून भलत्यांनाच शोधत फिरतात. स्टेशन झाडणारी एक बाई त्यांनी शोधली. तिच्या गोष्टीत यंत्रमाणसं कचऱ्यात काय टाकतात त्यावरून त्यांच्या मनातलं ओळखतात. एक बहिरा शिंपी शोधला. त्याच्या ग्रहावर सगळे कपड्याच्या चुण्यांनी बोलतात. माझी बायको त्यांना खुर्ची विणायला टाकताना सापडली. "वेळ का लागतोय?" असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, "परवा एका ग्रहावर गेले होते, तिथे अडकले."

"तुम्हाला नुकसानच ना ह्यात?" मी विचारलं. मला कुणावर तरी संशय घ्यायचा होता.

"नुकसानाचं सोडा. मला ती वाचायची होती," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

"खोका इथे असताना आलं कोण?" ताई.

"प्राध्यापक आले होते."

हे प्राध्यापक अशा लेखनावर लेख लिहितात. घोषणेच्या बैठकीत सगळ्यांसमोर ते म्हणाले होते की आंधळ्या बाईने ग्रहताऱ्यांवर लिहावं ही कौतुकाची गोष्ट आहे, पण हे तिचं एकटीचं नसणार, कुणीतरी हात फिरवला असणार. तेव्हा मी खुर्ची सोडून उठलो होतो आणि मेहुण्याने माझा दंड धरून मला बसवलं होतं.

ताईंनी तिथूनच त्यांना स्पीकरवर फोन लावला. ताईंचं म्हणणं असं की माणसं तोंडासमोर जितकं खोटं बोलतात तितकं फोनवर त्यांना जमत नाही. त्यांना वाटतं आपल्याला कुणी बघत नाही, म्हणून ती आवाज सांभाळत नाहीत.

"हो, उघडला होता खोका," प्राध्यापक म्हणाले. "वरवर हाताळला. त्यात चोरण्यासारखं काय होतं, बाई? किसणीसारखे कागद. माझी बोटं खरवडून निघाली. आणि मला एक कळत नाही, ज्याला वाचता येत नाही त्याने—"

ताईंनी फोन ठेवला.

"हा माणूस वाईट आहे, पण ह्याने काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या हाताला टोचलं. म्हणजे तोवर ती जिवंत होती." कागदांबद्दलच बोलत होत्या त्या. पण मला माळ्याचा कठडा धरावा लागला.

"त्यानंतर खोका कुणाकडे?"

संपादक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "माझ्याकडेच. घरी. मेहुण्याने सुतळी बांधून आणून दिला, ती आज तुमच्यासमोरच सोडली."

४

मेहुणा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. विजेच्या सामानाचं दुकान चालवतो. तिला अक्का म्हणायचा. लहानपणी घरी पाहुणे आले की अक्काला आतल्या खोलीत बसवायचे आणि बाहेरून कडी घालायचे. कडी घालायचं काम ह्याच्याकडे असायचं. तिने हे मला हसत सांगितलं होतं. तो कधी बोलला नाही. कादंबरी छापायची म्हटल्यावर मात्र म्हणाला होता, "दाजी, घरातलं घरात राहू द्या. लोक काय वाचतील, काय अर्थ काढतील."

माझ्या डोक्यात हे सगळं एकदम आलं. ताईंच्याही आलं असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही त्याच्या दुकानात गेलो. तो एका पंख्याचं पातं बसवत होता.

"खोका? तो तर मी कधीच पोचवला, दाजी."

"ऑफिसातून उचललास आणि थेट घरी आणलास?" ताईंनी विचारलं.

"नाही म्हणजे, मधे गाडी बंद पडली. दोन-चार दिवस दुकानातच राहिला. नीट ठेवला होता. वर काही ठेवलं नाही."

"वाटेत पडलाबिडला का?"

"छे. आत कागद घसरत होते, म्हणून मी वरून सुतळी बांधली. उगाच सांडायला नको."

मला हे साधंच वाटलं. ताईंनी मात्र काउंटरवर बोटं टेकली.

"कागद घसरत होते," त्या म्हणाल्या. "कधी?"

"कधी म्हणजे? आणताना."

"फुगलेल्या गठ्ठ्यातला कागद घसरेल कसा रे? झाकण बसत नव्हतं त्या खोक्याचं. हाताने दाबून धरावं लागायचं. घसरायला आत जागा लागते. तू खोका घरी आणलास तेव्हा आत जागा झालेली होती. कशी झाली ते तुला माहितीये."

मेहुण्याने पातं खाली ठेवलं. तो माझ्याकडे न बघता आत गेला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी मागे धावलो, पण तोवर तो चौकाच्या पुढे गेला होता.

"धावू नका, भाऊ," ताई म्हणाल्या. "तो कुठे गेला असेल ते मला माहीत आहे. कागद सपाट करायला काय लागतं?"

"वजन लागतं," मी म्हणालो. "आणि ओल. नुसत्या वजनाने ठिपका पूर्ण बसायचा नाही, परत उठेल. गिलावासुद्धा पाणी मारल्याशिवाय बसत नाही."

"मग गावभर अशा किती जागा असतील, जिथे कागदाला पाणी मारून वर वजन देतात?"

मला एकच माहीत होती. थोड्या वेळापूर्वी आम्ही तिच्याच डोक्यावर बसलो होतो.

५

बाइंडर म्हातारा आहे. संपादकांची सगळी पुस्तकं तोच बांधतो. दुकानात चिकटवायच्या सरसाचा वास, कातडीचे तुकडे, आणि मधोमध तो लोखंडी दाब, वर गाडीच्या स्टिअरिंगसारखं चाक असलेला. मेहुण्याची गाडी बाहेर उभी होती. तो आत एका स्टुलावर बसला होता. म्हातारा त्याला चहा घे म्हणून आग्रह करत होता.

"या गवंडीबुवा," म्हातारा मला म्हणाला. "हा पोरगा आल्यापासून तोंड उघडत नाहीये. काय झालं ह्याला?"

ताईंनी विचारलं, "आजोबा, ह्याने तुमच्याकडे एक खोका आणला होता?"

"आणला होता की. कोरे कागद. वहिनींचे आहेत, भारी कापडात छान बांधा म्हणाला. मला वाटलं, आठवणीची वही करायचीये. मी म्हटलं, बांधतो. पण काय दशा होती त्या कागदांची. कुठे ओलीत ठेवले होते कुणास ठाऊक, नुसते फुगलेले. असे कागद शिवले तर पुस्तक तोंड वासून बसतं. मग मी एकेका कागदाला ओलं फडकं लावलं आणि दाबात घातले. रोज चाक थोडं थोडं आवळलं. घाई केली नाही. काढले तर असे निघाले, इस्त्रीचा कपडा." तो खुशीत होता. "पण हा येऊन बघतो काय, आणि बांधू नका म्हणून उचलून घेऊन गेला. मला वाटलं पैशाची अडचण असेल. म्हटलं, वहिनींसाठी मी फुकट करेन."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदूचं सायीसारखं पांढरं होतं. हात पुढे करून त्याने चहाचा कप सरकवला. बोटांच्या टोकांवर वर्षानुवर्षांचा सरस वाळून नखासारखा कडक झाला होता. पांढऱ्यावरचं पांढरं त्याला दिसलं नाही, आणि हाताला कळलं नाही.

"आजोबा, ते कोरे नव्हते," ताई म्हणाल्या.

मला वाटतं हे त्यांनी सांगायला नको होतं. पण त्या सांगितल्याशिवाय राहिल्या नसत्या. त्यांचं वाक्य पुरं होईस्तोवर म्हातारा दाबाच्या चाकाला धरून उभा होता. मग तो हळूच खाली बसला आणि आपल्याच हातांकडे बघत राहिला.

"कादंबरी होती?" त्याने विचारलं. "पुरी?"

"पुरी."

मेहुणा तेव्हा बोलला. "मी त्यांना काही सांगितलंच नाही, दाजी. अक्काचे कागद आहेत, छान बांधून द्या, एवढंच म्हटलं. ह्यांनी कोरे समजले असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते कागद दाबात घालतात हेही माहीत नव्हतं."

"बांधायचं होतं कशाला तुला?" मी म्हणालो. "छापायला नको म्हणत होतास ना तू?"

"त्या प्राध्यापकामुळे. बैठकीत तो बोलला, तेव्हा मी तुम्हाला धरून बसवलं. घरी गेल्यावर वाटलं, बसवायला नको होतं. वाटलं, अक्काचं लिहिलेलं असं जुन्या खोक्यात फरशी ठेवून पडलंय, म्हणून लोक असं बोलतात. चांगलं पुस्तकासारखं दिसलं पाहिजे. रेकॉर्डिंगच्या दिवशी टेबलावर आणून ठेवणार होतो. तुम्हाला न सांगता." तो थांबला. "परत घ्यायला आलो आणि हात फिरवला, तर गुळगुळीत. मग मी खोक्यात घातले आणि आणून दिले. सांगायला तोंड नव्हतं. वाटलं, कदाचित ऑपरेटरताईंना तरी लागेल."

"नाही लागलं," ताई म्हणाल्या.

उलगडा झाला. कुणी चोर नव्हता, कुणी वैरी नव्हता. मी घरून निघालो तेव्हा मनात एक माणूस होता, ज्याचा गळा धरायचा. आता समोर दोन माणसं बसली होती आणि दोघांनी जे केलं ते तिच्यावरच्या मायेपोटी केलं होतं. वैरी निघाला असता तर बरं झालं असतं. त्याने निदान ती वाचून तरी घेतली असती.

६

संपादक मागाहून खाली आले. त्यांना सांगावं लागलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, तुम्ही ऐकलेलं आठवेल तसं सांगा, आपण तेवढं तरी उतरवून काढू. ताई म्हणाल्या, "ते भाऊंचं होईल. तिचं नाही होणार. तिचं एकेक वाक्य मोजून मारलेलं असायचं." संपादकांनी वाद घातला नाही. पुस्तकांच्या यादीतून नाव काढावं लागेल, म्हणाले, आणि जिना चढून गेले. ताईंची बोर्डावरची पाळी होती. त्यांना मी रिक्षात बसवून दिलं.

परत आलो तर म्हातारा आत जाऊन आडवा झाला होता. मेहुणा अजून स्टुलावर होता.

"दाजी," तो म्हणाला, "त्यात काय होतं?"

इतकी वर्षं तिच्या माहेरच्या कुणी हे विचारलं नव्हतं. मला नाही म्हणायचं होतं. पण मी कातडीच्या ढिगावर बसलो आणि सांगायला लागलो. बर्फाखालचं शहर सांगितलं. उबेने बोलणाऱ्या भिंती सांगितल्या. एका घरात मूल जन्मलं तर आख्खी गल्ली तळवे टेकून कसं ऐकते ते सांगितलं. गवंडीण निघते ते सांगितलं. तिच्या शब्दांत येत नव्हतं, माझ्याच शब्दांत येत होतं, मोडकंतोडकं. गार भिंतीच्या कडेने ती चालत राहते, घरं संपतात, माणसं संपतात, हाताची बोटं बधिर होतात. मग भिंत संपते. तिथे एक लहान खोली असते, दार बंद. गवंडीण दाराला तळवा लावते, आणि दार कोमट लागतं. आत कुणीतरी असतं.

मी थांबलो.

बाहेर कुणीतरी शटर ओढत होतं. मेहुणा पुढे वाकून बसला होता, हात गुडघ्यांमध्ये घट्ट धरून.

"मग?" तो म्हणाला. "आत कोण होतं?"

मी मांडीखालचा कातडीचा तुकडा ओढून काढला आणि बाजूला ठेवला.

"दाजी, सांगा ना. दार उघडलं का तिने?"

"ते दुसऱ्या दिवशी ऐकवणार होती," मी म्हणालो.